ताना मू ख़ी? : सुसू माणसाशी बोलणं सुरू करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा कुडाळचा. काजू कारखान्यासाठी कच्चा माल घ्यायला मार्चपासून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत, किनाऱ्यावरच्या बोफाच्या बाजूला, तीन-चार महिने राहणार आहे. फ्रेंचचा जुजबी वर्ग केलाय. त्याला कुणीतरी सांगितलं की किनाऱ्यावर सगळे सुसू बोलतात. म्हणून 'नमस्कार', 'कसे आहात' आणि 'आभारी आहे' याला सुसूत काय म्हणतात, पाठ करायला चार वाक्यं द्या, एवढंच त्याचं मागणं आहे.

वाक्यं देतोच. पण मी त्या किनाऱ्यावर अकरा हंगाम काढले आहेत, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. 'नमस्कार' हा एक शब्द झाला, म्हटला की संपला. सुसूत तसा एका शब्दात उरकणारा नमस्कार नाही. तिथे दोघांनी मिळून म्हणायची सवाल-जवाबाची एक साखळी असते, आणि ती पुरी झाल्याशिवाय दुसरं काही बोलायचं नसतं. शब्द पाठ करायला एक संध्याकाळ पुरेल. घाई न करता ती साखळी पुरी करायला मला पहिला अख्खा हंगाम लागला.

आधी भाषेबद्दल थोडं. सुसू ही मांदे कुळातली भाषा. गिनीत पुलार आणि मानिंका यांच्यानंतर सर्वांत जास्त लोक हीच बोलतात, आणि कोनाक्री, कोया, दुब्रेका, फोरेकारिया, बोफा, किंदिया या सगळ्या पट्ट्यात ती बाजाराची भाषा आहे. घरी पुलार बोलणारा दुकानदारही कोनाक्रीच्या मादिना बाजारात गिऱ्हाइकाशी सुसूत बोलतो. सीमेपलीकडे सिएरा लिओनच्या कांबिया जिल्ह्यातही ती आहे. लोक स्वतः भाषेला 'सोसोख़ुई' म्हणतात. ख़ुई म्हणजे आवाज.

हा खाली टिंब दिलेला, नुक्त्याचा ख़ नीट ऐकून घ्या, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. हा आपल्या 'खळा'तला ख नव्हे. उर्दू बोलणारा माणूस 'ख़बर' म्हणताना घशातून जसा घासून काढतो, तसा. फ्रेंच शिकलेली मंडळी हा आवाज आपल्या सवयीने काढायला जातात आणि त्याचा नुसता 'क' होतो. आपल्याला हिंदी गाण्यांमुळे हा आवाज कानावर असतो, त्याचा फायदा घ्या.

आता सकाळ. एकाच माणसाला भेटलात तर 'ई केना'. दोन किंवा जास्त माणसं असली तर 'वो केना'. 'ई' म्हणजे तू, 'वो' म्हणजे तुम्ही सगळे. अंगणात पाच जण बसलेत आणि तुम्ही 'ई केना' म्हणालात, तर चौघांना वगळून एकालाच हाक मारल्यासारखं होतं. गटाला नेहमी 'वो'.

यानंतर खरी सुरुवात होते:

– ताना मू ख़ी?
– ताना यो मू ख़ी.

'ताना' म्हणजे वाईट, विघ्न, त्रास. 'मू' म्हणजे नाही. 'ख़ी' म्हणजे रात्र काढणं, झोपणं. सगळं मिळून: रात्री काही वाईट झालं नाही ना? आणि उत्तर: काहीसुद्धा वाईट झालं नाही. तो मधला 'यो' म्हणजे आपला 'काहीच', 'मुळीच'. दुपार उलटली की ख़ीच्या जागी दिवस काढण्याचं क्रियापद येतं, 'ताना मू फेन्येन?'. आणि वेळेचा अंदाज नसेल, घाईत काही सुचत नसेल, तर कोणत्याही वेळी चालणारं वाक्य: 'ताना मू ना?', काही त्रास नाही ना? उत्तर: 'ताना यो मू ना'.

कुडाळच्या माणसाला इथे एक फसगत होते, ती आधीच सांगतो. गोव्यात कोकणीत 'बरें मू?' म्हणतात, आपल्याकडे मालवणीत 'बरा मां?' म्हणतात. त्यातला मू किंवा मां म्हणजे 'ना?', समोरच्याकडून होकार काढून घेणारा. सुसूतला मू दिसायला तोच, पण तो सरळ नकार आहे. निव्वळ योगायोग. पण सुरुवातीला माझ्या डोक्यात तो कोकणीसारखाच बसला होता, आणि 'ताना मू' म्हणजे 'त्रास आहे ना?' असं मनात वाजायचं. वाक्य चुकायचं नाही, पण उत्तर देताना गोंधळ व्हायचा. म्हणून 'मू' ऐकला की मनात 'नाही' म्हणायची सवय लावा.

या प्रश्नाचा घाट मला फार मोलाचा वाटतो. आपण 'कसे आहात?' विचारतो, तेव्हा समोरच्याला स्वतःबद्दल काहीतरी सांगायला लावतो. सुसू माणूस 'वाईट आलं नाही ना?' एवढंच विचारतो. ज्या गावात रात्री कुणाचं तरी मूल तापाने फणफणलेलं असतं, पावसात कुणाचं छप्पर गेलेलं असतं, तिथे सकाळी पहिल्यांदा भेटणारा माणूस नेमकं तेच विचारणार. आपल्याकडेही जुन्या पिढीतली बाई शेजारणीला सकाळी 'झोप लागली ना गं?' विचारते. ख़ीमध्ये तोच जिव्हाळा आहे.

उत्तराबद्दल एक नियम आहे, आणि तो मोडू नका. उत्तर आधी 'ताना यो मू ख़ी' हेच असतं. तुम्हाला ताप असला तरी. घरून वाईट बातमी आलेली असली तरी. साखळी पूर्ण झाली की मग सांगायचं, बाबांनो, अंग दुखतंय, काल झोप झाली नाही. तेव्हा लोक थांबून ऐकतील, कुणीतरी पोरगा धाडून औषध आणवेल. पहिल्याच सवालाला 'बरं नाही' म्हणालात तर समोरच्याला वाटतं की कुणी दगावलं.

एकदा तुम्ही जबाब दिलात की सवाल उलटून तुम्ही विचारायचा. 'ताना मू ख़ी?' मग तो म्हणतो 'ताना यो मू ख़ी'. मग घरचे, मुलं, काम, प्रवास, अशी एकेकाची विचारपूस. प्रत्येकाला पुन्हा तेच उत्तर. पहिल्या आठवड्यात तुम्हाला यातलं निम्मं कळणार नाही, तरी हरकत नाही. सवालाच्या शेवटी आवाज जरा थांबतो, तिथे तुमचं 'ताना यो मू ना' ठेवायचं. चुकत नाही.

आता माझी गोष्ट. पहिला हंगाम, एप्रिलचा पहिला आठवडा, बोफाच्या आतल्या एका गावात माल बघायला गेलो होतो. आंब्याखाली ताडपत्रीवर बिया वाळत घातलेल्या. मी उतरलो, हात वर करून फ्रेंचमध्ये 'बोंज्यूर' म्हटलं आणि सरळ पोतं उघडलं. मूठभर बिया हातात घेऊन हलवल्या, ओलावा बघितला, कटर मागवला. कटिंग टेस्टला, म्हणजे बिया कापून आतला गर तपासायला, एक किलोचा नमुना लागतो, तो पोत्यापोत्यातून काढायला सुरुवात केली. माल ज्यांचा होता ते म्हातारे बाबा बाकावर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी भाव विचारला. गप्प. माझ्याबरोबरच्या पोराने पुन्हा विचारलं, तरी गप्प. मग बाबा उठले, माझ्याजवळ आले, उजवा हात पुढे केला आणि स्वच्छ, हळू आवाजात म्हणाले, 'ई केना.' मी हात मिळवला. 'ताना मू ख़ी?' मला उत्तर माहीत नव्हतं. ते थांबले. पोराने माझ्या कानात सांगितलं, मी म्हटलं. त्यांनी हात सोडला नाही. पुढचा सवाल. पुन्हा उत्तर. असे सात-आठ सवाल-जवाब झाले, माझा हात त्यांच्या हातात, आणि आजूबाजूची सगळी माणसं उभी राहून बघत होती. मग त्यांनी बाक दाखवला, पाणी मागवलं, आणि बसल्यावर स्वतःच भाव सांगितला.

त्या दिवशी त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं, म्हणून मी शिकलो. दुसऱ्या कुणी माल नाही म्हणून सांगितलं असतं आणि मला कारणही कळलं नसतं. तुमच्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे. पाऊस मे-जूनला येतो, त्याआधी माल उचलायचा असतो, आणि हंगामाच्या शेवटी चांगला आउटटर्न देणारं, म्हणजे जास्त गर निघणारं पोतं माणूस कुणासाठी ठेवतो हे शेवटी त्याच्या मनावर असतं. म्हणून सांगतो, उतरल्यावर पोत्याकडे जाऊ नका. आधी माणसांकडे जा, आणि त्यांत सगळ्यात वयस्क जो असेल त्याच्याकडे आधी. बसलेल्यांना उभं असणाऱ्याने, असलेल्यांना आलेल्याने, मोठ्याला लहानाने आधी म्हणायचं असतं. आपल्याकडेही हेच आहे, फक्त आपण ते अलीकडे सैल केलंय.

हाताबद्दल दोन शब्द. नेहमी उजवा. मोठ्या माणसाशी हात मिळवताना डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या हाताला, कोपराच्या अलीकडे, हलका आधार द्यायचा. हा आदर. आपण देवळात प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो ना, तेवढं लक्षात ठेवलं तर हात आपोआप जागेवर जातो. बाईमाणसाने हात पुढे केला तरच मिळवायचा, नाहीतर छातीवर हात ठेवून म्हणायचं. घरात किंवा अंगणात शिरताना आधी 'सलाम आलेकुम'. सुसू समाज बहुतांशी मुसलमान आहे, आणि हे दारावरचं बोलणं सगळेच वापरतात. त्यानंतर सुसूतली साखळी.

आदरार्थी 'तुम्ही' शोधू नका, नाहीतर सगळ्यांना 'वो' म्हणत सुटाल. आदर तिथे नात्याच्या हाकेत असतो. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'बाबा'. हा शब्द शिकावा लागत नाही. आईच्या वयाच्या बाईला 'न्गा', म्हणजे आई. तुमच्यापेक्षा पाच-दहा वर्षांनी मोठं कुणी असलं तर 'तारा', म्हणजे थोरलं भावंड. आपल्याला मराठीत भावंड म्हटलं की दादा की ताई हे वेगळं सांगावं लागतं, तिथे ताराच पुरतो. 'तो' आणि 'ती' यांनाही एकच शब्द आहे, 'आ'. लिंगाची कटकट नाही, हा मराठी माणसाला मोठा दिलासा.

आणखी एक दिलासा, जो फ्रेंच माणसाला मिळत नाही आणि आपल्याला फुकट मिळतो. आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे मानतो. सुसूतही तसंच. 'मुख़ू' म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. 'वोन' म्हणजे आपण, तुम्हाला धरून. 'वोन सीगा' म्हणजे चला, जाऊ या आपण. माझ्याबरोबर काम केलेल्या फ्रेंच साहेबांना हा फरक वर्षानुवर्षं जमला नाही. त्यांच्या भाषेत तो भेदच नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणाल. लोकांच्या ते लगेच लक्षात येतं, कारण भाव ठरवताना मुख़ू आणि वोन यांच्यात बरंच काही असतं.

वाक्याची चालही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. हे वाक्य पहिल्या आठवड्यातच पाठ करा: 'न् ना सोसोख़ुई ख़ारानफे.' न् म्हणजे मी, सोसोख़ुई म्हणजे सुसू भाषा, ख़ारान म्हणजे शिकणं, आणि ते 'फे' म्हणजे आपला 'शिकतोय'मधला चालूपणा. मी सुसू शिकतोय. शब्द त्याच क्रमाने येतात. पोरं रस्त्यात 'फोते, फोते' ओरडतील. फोते म्हणजे गोरा, परका. आपण गोरे नसलो तरी परक्याला हाच शब्द लागतो, यात अपमान नाही. वळून त्यांना 'ताना मू ना?' विचारा. ओरडणं तिथेच थांबतं आणि सगळी एका सुरात 'ताना यो मू ना' म्हणतात.

ओळख करून घेताना: 'ई ख़ीली दी?', तुझं नाव काय? ख़ीली म्हणजे नाव. उत्तर: 'न् ख़ीली' आणि पुढे तुमचं नाव. 'ई केलीख़ी मिंदेन?' म्हणजे तू कुठून आलास? तिथे आडनावाला फार अर्थ असतो. कामारा, बांगुरा, सुमा, सिला, कोंते ही आडनावं तुम्हाला रोज भेटतील. आडनाव कळलं की माणसं एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात, आणि काही कुळांमध्ये थट्टेचं जुनं नातं असतं, त्यामुळे ओळख होताक्षणी एकमेकांना टोमणे मारायला लागतात. भांडण नसतं ते. गावात कुणी तुम्हाला आपलं आडनाव देऊन टाकलं तर घ्या. मला बोफात बांगुरा म्हणतात. मी त्या नावाला ओ देतो.

'आभारी आहे' साठी तुम्हाला 'ई नू वाली' लागेल. गटाला 'वो नू वाली'. पण याचा शब्दशः अर्थ बघा: ई म्हणजे तू, नू म्हणजे आणि, वाली म्हणजे काम. तू आणि तुझं काम. म्हणून हे आभाराइतकंच कामावर असलेल्या माणसाला म्हणायचं अभिवादनही आहे. शेतात कुणी वाकून काम करतंय, बाई तांदूळ कुटतेय, हमाल पोतं चढवतोय, त्यांच्या शेजारून मुकाट्याने जायचं नाही. 'ई नू वाली' म्हणायचं आणि मग पुढे जायचं. माझ्या दृष्टीने सगळ्या भाषेतला हा सर्वांत सुंदर शब्दसमूह आहे. तुमच्या गोदामात सकाळी दहा हमाल असतील. त्यांना रोज 'वो नू वाली' म्हणा, तोंडदेखलं नव्हे, थांबून, त्यांच्याकडे बघून. मी तसं केल्यापासून माझ्या गोदामाची हवा बदलली. आपल्याकडे हमालाला सकाळी असं कुणी काही म्हणतं का, हे मी इथे आल्यावर स्वतःलाच विचारलं, आणि आता कोकणातल्या कारखान्यातही काजू फोडणाऱ्या बायकांना आधी दोन शब्द बोलल्याशिवाय मी आत जात नाही.

'आवा' हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकाल. बरं, ठीक, झालं, चला, सगळ्याला आवा. बोलणं संपवतानाही आवा. 'ईयो' म्हणजे हो.

शुभेच्छा आणि आशीर्वाद 'आला ख़ा' ने सुरू होतात, म्हणजे देव करो. कुणी 'आला ख़ा' म्हणून पुढे काहीही म्हणालं, कळो न कळो, उत्तर 'आमीना'. हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरी मयत होतेच, आणि तिथे जाऊन बसणं हा व्यवहाराचाच भाग मानतात. तिथे म्हणायचं 'आला ख़ा हिन्ने आ रा', देव त्याच्यावर दया करो, आणि गप्प बसायचं. फार बोलायची गरज नसते. गेलात, बसलात, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

फोनवरचे मेसेज तुम्हाला फ्रेंच वळणाने लिहिलेले दिसतील. ख़ साठी 'के' आणि 'एच', ऊ साठी 'ओ' आणि 'यू', आणि 'ताना मू ख़ी' एकच लांब शब्द करून. पुस्तकात मात्र ख़ साठी 'एक्स' दिसेल. घाबरू नका, शब्द तोच. गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीत, १९८४ पर्यंत, गिनीच्या शाळांत राष्ट्रीय भाषांतून शिकवत होते. ते गेल्यावर फ्रेंच परत आली, आणि १९८९ मध्ये लिपीची पद्धतही बदलली. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसांना सुसू वाचता-लिहिता येते आणि त्यांच्या नातवंडांना बहुधा येत नाही. अशा कुणा बाबांकडे वही घेऊन बसा, ते हौसेने लिहून देतील. या भाषेचं लिखाण काही आजचं नाही. हेन्री ब्रंटन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने सुसूचं व्याकरण एडिंबरात छापलं ते १८०२ साली. विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५ मध्ये. म्हणजे सुसूचं छापील व्याकरण केरींच्या मराठी व्याकरणापेक्षा तीन वर्षांनी थोरलं. कुणी तिला 'लिपी नसलेली बोली' म्हणालं तर हे सांगा.

रोज किती वेळ जातो यात, असं तुमचे साहेब विचारतील. एका अंगणात पाच मिनिटं, कधी दहा. दिवसाला सहा गावं धरलीत तर तास जातो. तो तास वेळापत्रकात धरा आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा. गाडीतून हात हलवून निघून जाणारा खरेदीदार मी पाहिलाय, त्याला माल मिळतो, पण कुठला आणि कोणत्या भावाने, ते त्याला पोती फोडल्यावर कळतं.

शेवटची एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर तुमचा गैरसमज होईल. जूनमध्ये, आपल्या मृगासारखा पाऊस धरला की तुम्ही निघाल. निरोप घेताना एखादा म्हातारा उजव्याऐवजी डावा हात पुढे करील. वर्षभर ज्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही, तो. तुम्ही उजवा पुढे करू नका. डावाच मिळवा. लांब जाणाऱ्या माणसाशी मुद्दाम असा उलटा हात मिळवतात, म्हणजे एक चूक मागे राहते आणि ती सुधारायला त्याला परत यावं लागतं. पहिल्या हंगामाच्या शेवटी त्या आंब्याखालच्या बाबांनी मला तसा हात दिला होता. पुढच्या मार्चमध्ये मी उतरलो, पोत्यांकडे न बघता सरळ त्यांच्या बाकाकडे गेलो, उजवा हात पुढे केला आणि आधी मी म्हणालो, 'बाबा, ई केना. ताना मू ख़ी?'